घरातील हवा : हावडा शहराच्या उदाहरणावरून

१. धुराचे शहर आणि धुराचा कायदा

मुंबईहून नागपूरमार्गे निघणाऱ्या मेलचा प्रवास जेथे संपतो, त्या हावडा शहराचे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर हे शहर वसले असून समोरच्या तीरावर कोलकाता आहे. इ. स. १८५४ मध्ये हावड्याहून पहिली आगगाडी सुटली आणि पुढच्याच वर्षी हा लोहमार्ग राणीगंजच्या खाणींपर्यंत जाऊन पोहोचला. दगडी कोळसा अशा रीतीने नदीकाठी सुलभ झाला. तागाच्या गिरण्या, लोखंड ओतण्याच्या भट्ट्या, रेल्वेचे कारखाने आणि नदीतील आगबोटी या सर्वांची भूक त्या कोळशाने भागू लागली, आणि त्याबरोबरच शहरावर धुराचे सावट पसरले.

या धुराची दखल सरकारला लवकरच घ्यावी लागली. १८६३ साली कोलकाता व हावडा या दोन शहरांसाठी धुराच्या उपद्रवाविषयीचा कायदा झाला. १९०५ साली त्याहून व्यापक असा बंगाल धूर-उपद्रव कायदा आला. त्याच्या अंमलबजावणीसाठी आयोग नेमण्यात आला आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर निरीक्षकांची देखरेख सुरू झाली. मात्र या कायद्यात ‘भट्टी’ या शब्दाची जी व्याख्या होती, तीत एक अपवाद केलेला होता. खाजगी घरात, व्यापार किंवा उत्पादन यांखेरीज अन्य कामासाठी पेटविलेली चूल ही भट्टी समजली जाणार नव्हती.

कायदा करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. सरकारी निरीक्षकाने घरोघरी जाऊन स्वयंपाकघरात डोकवावे, हे कोणासही रुचले नसते. परंतु त्यामुळे झाले असे की, कायदा उंबरठ्याशी येऊन थांबला आणि चुलीजवळ बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारा धूर कोणाच्याच नोंदवहीत आला नाही.

आजही परिस्थिती याहून फारशी निराळी नाही. भारतात २००९ साली हवेच्या शुद्धतेची जी मानके ठरविण्यात आली, ती मोकळ्या हवेसाठी आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांचा समावेश आहे, त्यांत हावडा हेही एक आहे. त्यासाठीची मापनयंत्रे शहरातील मोकळ्या जागी बसविलेली असतात. माणसाचा बराचसा काळ मात्र छपराखाली जातो. गृहिणी, तान्ही मुले, वृद्ध आणि आजारी यांचा तर जवळजवळ सर्वच. तेथील हवेवर लक्ष ठेवण्याचे काम घरातील माणसांनाच करावे लागते. ते कसे करावे हे सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

२. बंद खोलीत काय साचते

तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घेऊ. तिच्यात २७ घनमीटर, म्हणजे २७,००० लिटर हवा मावते. या खोलीत दोन प्रौढ माणसे दारे-खिडक्या लावून आठ तास झोपली आहेत. झोपलेला माणूस उच्छ्वासावाटे ताशी सुमारे १३ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. दोघांचा मिळून आठ तासांत सुमारे २०८ लिटर वायू खोलीत मिसळतो. खोली पूर्णपणे हवाबंद असती, तर सकाळी तिच्यातील या वायूचे प्रमाण पाऊण टक्क्याहून थोडे अधिक झाले असते. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्याच्या आसपास असते. प्रत्यक्षात दाराच्या फटींतून थोडी हवा खेळत असल्यामुळे ते इतके वाढत नाही. तथापि सकाळी उठताना डोके जड वाटणे आणि खोलीत शिरणाऱ्यास कोंदट वास येणे हे अनुभव सर्वांच्या परिचयाचे आहेत.

म्यूनिक येथील शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे सुचविले की, खोलीतील कार्बन डाय-ऑक्साइड ०.१ टक्क्याच्या वर गेला म्हणजे तेथील हवा पुरेशी बदलत नाही असे समजावे. एवढ्या प्रमाणात तो वायू स्वतः विषारी नसतो. परंतु तो साचला, याचा अर्थ त्याच्याबरोबर घाम, बाष्प, रोगजंतू आणि अन्य वायूही साचले, असा होतो. तो एक प्रकारचा साक्षीदार आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे पाण्याची वाफ. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून ताशी सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत जाते. वर सांगितलेल्या खोलीत एका रात्रीत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी अदृश्य रूपाने मिसळते. ते कोठे जाते, हे ओलीचा विचार करताना दिसून येईल.

तिसरा पदार्थ म्हणजे सूक्ष्म कण. त्यांचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो. ज्या कणांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, ते नाकातील केसांना आणि घशातील ओलाव्याला चुकवून फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत जातात. १० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत तीन मीटर उंचीवरून सुमारे पंधरा-वीस मिनिटांत जमिनीवर येतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरण्यास जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून घर झाडून-पुसून धूळ काढता येते, परंतु धुरातील बारीक कण केराबरोबर निघत नाहीत. ते हवेतच तरंगत असतात आणि हवेबरोबरच बाहेर घालवावे लागतात.

असे कण उत्पन्न करणाऱ्या सर्वच वस्तू वाईट हेतूने घरात आणलेल्या नसतात. बंगाली घरांत तिन्हीसांजेला नारळाच्या सोडणावर राळ टाकून धूप फिरविण्याची प्रथा आहे. तिला ते ‘धुनो’ म्हणतात. डास घालविण्यासाठी वळ्यांच्या आकाराची उदबत्ती लावतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, डासांची एक वळी जळून संपेपर्यंत तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतील इतके बारीक कण निघतात. डासांपासून बचाव अवश्य केला पाहिजे. परंतु तो मच्छरदाणीने आणि खिडकीला लावलेल्या जाळीने केला, तर हवा बिघडत नाही.

३. धूर गेला, वायू राहिला

हावड्याच्या आणि कोलकात्याच्या घरांत दीर्घकाळ कोळशाची चूल चालू होती. तिला बंगालीत ‘उनुन’ म्हणतात. पत्र्याच्या बादलीला आतून माती लिंपून केलेला उचलता येण्याजोगा उनुन विशेष सोयीचा असे. खाली गोवऱ्या आणि काटक्या रचून त्यांवर कोळसा घालावयाचा. कोळसा महाग पडत असेल तर कोळशाची भुकटी, माती आणि शेण कालवून उन्हात वाळविलेले गोळे वापरावयाचे. या गोळ्यांना ‘गुल’ असे नाव आहे. पेट घेताना उनुन दाट धूर ओकत असे. म्हणून तो दारापुढे, अंगणात किंवा गल्लीत पेटवीत, आणि धूर ओसरून निखारे लाल झाले म्हणजे उचलून आत आणीत.

ही रीत व्यवहारबुद्धीची दिसते, आणि काही अंशी ती तशी होतीही. परंतु तिच्यात दोन दोष होते.

पहिला दोष असा की, गल्लीतील प्रत्येक घराने एकाच वेळी उनुन बाहेर पेटविला म्हणजे सर्वांचा धूर सर्वांच्या घरात शिरतो. हिवाळ्यात सायंकाळी वारा पडलेला असतो. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वरच्या थरातील हवा तुलनेने उबदार राहते. थंड हवा जड असल्यामुळे ती वर चढत नाही, आणि तिच्याबरोबर धूरही खालीच कोंडून राहतो. जुन्या हावड्याच्या हिवाळी संध्याकाळी डोळे झोंबत, त्याचे कारण हेच होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. लाल निखाऱ्यांना प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील तांबड्या द्रव्याशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो, आणि त्यामुळे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. थंडीच्या रात्री उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे यामुळे प्राणघातक ठरते. बंगालमध्ये निखारे मातीच्या मालशात ठेवोत की महाराष्ट्रात शेगडीत, रसायनशास्त्राचा नियम एकच आहे. पाण्याच्या गॅसबंबालाही तो लागू पडतो. न्हाणीघर बंद असेल आणि जळलेला वायू बाहेर जाण्यास नळी नसेल, तर असा बंब तेथे बसवू नये.

गेल्या काही दशकांत गॅसच्या शेगडीमुळे शहरांतील कोळशाची चूल मागे पडली. हा फार मोठा लाभ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष मृत्यूंना घरातील इंधनाच्या धुरामुळे होणारे रोग कारणीभूत झाले. मुलांचा न्युमोनिया, फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार आणि पक्षाघात हे त्यांपैकी प्रमुख होत. गॅसच्या ज्योतीतून काजळी फार थोडी निघते. तथापि नायट्रोजनची ऑक्साइडे निघतातच, आणि मोहरीचे तेल धुरावेपर्यंत तापवून त्यात मासे तळले तर त्या तेलाचा धूरही निघतो. विजेच्या शेगडीवर इंधनाचा दोष राहत नाही, फोडणीचा मात्र राहतो. म्हणून इंधन बदलले तरी धुराला वाट ठेवावीच लागते.

४. वर्ध्याची चूल आणि तिचा धडा

धुराला वाट करून देण्याचा एक जुना प्रयत्न मराठी मुलखात झाला. हावड्याहून मुंबईकडे येणारी गाडी नागपूर सोडल्यावर वर्ध्याला येते. तेथील मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. ‘मगन चूल’ ही सुधारलेली चूल १९४७ च्या सुमारास तेथूनच पुढे आली. मातीच्या या चुलीतील जाळ बंदिस्त असे, त्यावर एकाहून अधिक भांडी ठेवता येत आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर जाई.

चुलीजवळचा धूर मोजून पाहण्याचे काम मात्र बरेच उशिरा झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी १९८१ साली गुजरातमधील काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाच्या पातळीवर हवेचे नमुने घेतले. त्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण आढळले. २००९ च्या भारतीय मानकाप्रमाणे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०६ मिलिग्रॅम आहे. पहिल्या आकड्यात सर्व आकारांचे कण आलेले आहेत आणि तो केवळ स्वयंपाकाच्या वेळेपुरता आहे, म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही अंतर किती मोठे आहे याची कल्पना त्यांवरून येते.

१९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर लक्षावधी चुली बसविण्यात आल्या. त्यांपैकी पुष्कळशा काही वर्षांतच निरुपयोगी झाल्या. धुराडे काजळीने तुंबले, तडे गेले, आणि धूर पुन्हा खोलीत येऊ लागला. याचा धडा आजच्या घरांनाही लागू आहे. स्वयंपाकघरातील पंख्याची पाती तेलकट पुटाने जड झाली किंवा धूर ओढणाऱ्या यंत्राची जाळी महिनोन्‌महिने धुतली नाही, तर त्या यंत्राचीही गत तुंबलेल्या धुराड्यासारखीच होते.

५. घुलघुलीचे काम

हावड्यातील शिबपूर किंवा सालकिया भागातील एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. मध्यभागी उघडा चौक, त्याभोवती खोल्या. हा आराखडा आपल्याकडील वाड्याशी मिळताजुळता आहे. खोल्यांची उंची पुष्कळ, छताला तुळया. खिडक्यांना तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या झडपा, ज्यांना तेथे ‘खडखडी’ म्हणतात. आणि भिंतीच्या माथ्यावर, छताच्या किंचित खाली, हातभर लांबीचा जाळीदार झरोका. या झरोक्याला बंगालीत ‘घुलघुली’ असे गोड नाव आहे. चिमण्या तेथे घरटी करतात म्हणून पुष्कळांना ती शोभेची किंवा उपद्रवाची वस्तू वाटते. वास्तविक ती घराची श्वासनलिका आहे.

तिचे कार्य समजण्यास पदार्थविज्ञानातील एक साधा नियम पुरेसा आहे. हवा तापली की प्रसरण पावते आणि हलकी होते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२० किलोग्रॅम असते; ६० अंशांना ते सुमारे १.०६ किलोग्रॅम भरते. चुलीवरची, दिव्याजवळची आणि माणसांच्या अंगावरून उठणारी हवा म्हणून वर चढते आणि छताखाली गोळा होते. तिला घुलघुलीतून वाट मिळाली की ती बाहेर पडते आणि तिच्या जागी खालच्या खिडकीतून ताजी हवा येते. खालची वाट आणि वरची वाट यांमधील उंची जितकी अधिक, तितका हा प्रवाह जोमदार. उंची चौपट केली, तर प्रवाह दुप्पट होतो.

आता असे समजा की, त्या घराचे भाडेकरूंसाठी विभाग पडले. चौकावर पत्रा आला. गॅसची शेगडी जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली. चिमण्यांचा केर नको म्हणून घुलघुल्या विटांनी बुजविल्या, आणि पुढे वातानुकूलन यंत्र बसविताना उरलेल्या फटीही बंद झाल्या. प्रत्येक बदलाला त्या वेळी योग्य कारण होते. परंतु सर्वांचा परिणाम मिळून घराचा श्वास कोंडला. भिंतींत बसविलेले वातानुकूलन यंत्र बहुधा खोलीतीलच हवा फिरवून थंड करते; छताचा पंखाही तीच हवा ढवळतो. या दोहोंपैकी कोणीही ताजी हवा आणीत नाही, हे विसरू नये.

हवा बदलण्याचे महत्त्व आकड्यांनी स्पष्ट होईल. १५ घनमीटरांचे एक स्वयंपाकघर घेऊ. फोडणीच्या धुराने ते भरले आहे आणि स्वयंपाक आटोपला आहे. दारे-खिडक्या बंद असून तासाभरात खोलीइतकी हवा एकदाच बदलत असेल, तर अर्ध्या तासानंतरही मूळच्या धुरापैकी सुमारे ६१ टक्के धूर तेथे उरतो. ताशी १५० घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवला, तर तासात दहा वेळा हवा बदलते आणि अर्ध्या तासाने एक टक्काही धूर उरत नाही. धूर खोलीत सर्वत्र सारखा मिसळतो असे धरून हा हिशोब केलेला आहे.

पंखा बसविताना दोन गोष्टी पाळाव्यात. तो शेगडीच्या जवळ आणि उंचावर असावा. आणि त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असावी. हवा आत येण्यास वाट नसेल, तर पंखा नुसता गरगरत राहतो. तसेच त्याचे तोंड जिन्याकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे असू नये. उनुन गल्लीत पेटविण्यातील चूक पंख्याच्या रूपाने पुन्हा करण्यात अर्थ नाही.

६. ओल

हावड्याची जमीन सखल आहे, भूजल उथळ आहे आणि वर्षाकाठी सोळाशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतील पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे भिंतीत चढते. ते सुकताना क्षार मागे राहतात, रंगाचे पोपडे सुटतात आणि भिंतीवर पांढरी पूड येते. आपल्याकडे याला लोणा लागणे म्हणतात. बंगालीतील शब्द ‘नोना’ हा आहे.

भिंतीला ओल येण्याचे दुसरे कारण खोलीतच असते. ३० अंश तपमानाची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प धारण करू शकते; २५ अंशांची हवा सुमारे २३ ग्रॅम. पावसाळ्यात खोलीचे तपमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दर घनमीटरात २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा २५ अंशांच्या थंड भिंतीला टेकली की जादा पाणी भिंतीवर दवाप्रमाणे जमते. रात्रभराच्या श्वासातील अर्धा लिटर पाणी, भाताच्या पातेल्यातील वाफ आणि घरात वाळत घातलेले ओले कपडे यांची भर त्यात पडत असते. अशा ओलसर पृष्ठभागावर बुरशी वाढते. तिचे बीजाणू हवेत पसरतात आणि दमेकऱ्यांना त्रास देतात.

उपाय कारणानुसार केला पाहिजे. भिंतीत पाणी जमिनीतून चढत असेल, तर नुसता रंग देऊन भागत नाही. पाया आणि भिंत यांमध्ये पाणी अडविणारा थर घालणे, भिंतीलगत साचणारे पाणी काढून देणे आणि गळके नळ दुरुस्त करणे अवश्य असते. पाणी हवेतून येत असेल, तर भात शिजताना झाकण ठेवावे, पंखा चालू ठेवावा, कपडे उघड्या गच्चीवर वाळवावेत आणि कपाटे भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. बुरशी आलेला भाग कोरड्या फडक्याने झटकू नये, त्याने बीजाणू उडतात. तो साबणाच्या पाण्याने पुसून सुकवावा.

७. उकाडा आणि सुखावह घर

विश्रांती घेणाऱ्या माणसाच्या शरीरात सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. ती बाहेर गेली नाही, तर जीव कासावीस होतो. हवा शरीराइतकीच उष्ण असेल, तेव्हा घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. तेवढी उष्णता घालविण्यास ताशी सुमारे दीडशे ग्रॅम घाम सुकावा लागतो. दमट हवेत तो सुकत नाही, ठिबकतो. विदर्भातील ४२ अंशांचा कोरडा उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला हावड्याचे ३५ अंश असह्य वाटतात ते यामुळे. पंख्याने हवा थंड होत नाही. अंगालगतचा दमट थर दूर होऊन घाम सुकतो, म्हणून बरे वाटते. खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवणे म्हणूनच व्यर्थ होय.

उन्हाळ्यात येथे वारा मुख्यतः दक्षिणेकडून, समुद्राच्या बाजूने येतो. दक्षिणेची बाजू उघडी असलेल्या घराला बंगालमध्ये मान आहे, त्याचे कारण हेच. दक्षिणेच्या खिडकीसमोर उत्तरेला दार किंवा झरोका असेल, तरच वारा आरपार वाहतो. गच्ची तापून रात्री खोलीत उष्णता सोडते. तिच्यावर पांढऱ्या चुन्याचा हात दिला, तर उन्हाचा बराच भाग परावर्तित होतो. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई किंवा पडदा सोडावा. आतून लावलेला पडदा ऊन अडवितो खरे, परंतु तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते.

८. खिडकी केव्हा उघडावी

बाहेरची हवाच दूषित असेल, तर खिडकी उघडून काय लाभ, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर वेळेत आहे. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे धूर व वाहनांचा धुरळा जमिनीलगत कोंडलेला असतो. दिवस वर आल्यावर जमीन तापते, हवा वर उचलली जाते आणि धूर विरळ होतो. म्हणून हिवाळ्यात दुपारी खिडक्या उघडाव्यात आणि संध्याकाळी रस्त्याकडील बाजू बंद करावी. पावसाने धुतलेली हवा बहुधा स्वच्छ असते. स्वयंपाक चालू असताना मात्र ऋतू कोणताही असला तरी धुराची वाट उघडीच ठेवावी.

हवा गाळणारी यंत्रे आता बाजारात मिळतात. त्यांपैकी चांगल्या प्रतीच्या गाळणीत ०.३ मायक्रॉनचे कणही शेकडा ९९.९७ अडकतात. परंतु अशी गाळणी कण पकडते. कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डाय-ऑक्साइड पकडीत नाही. ज्या घरात उदबत्ती, विडी आणि फोडणीचा धूर कोंडलेला आहे, तेथे प्रथम त्यांचा बंदोबस्त करावा. यंत्राचा विचार त्यानंतर.

९. शाळेत आणि घरी करण्याजोगे प्रयोग

(१) हवेची दिशा. पेटलेली उदबत्ती घेऊन ती प्रथम दाराच्या उंबरठ्याजवळ, नंतर दाराच्या माथ्याजवळ धरा. धुराची रेघ कोणत्या बाजूला वळते ते दोन्ही ठिकाणी पाहा. स्वयंपाक चालू असताना आणि नसताना हाच प्रयोग करून नोंदी ताडून पाहा.

(२) पडणारी धूळ. चार पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ती स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, रस्त्याकडील खिडकी आणि गच्ची येथे आठवडाभर ठेवा. भिंगातून पाहून कोणते कार्ड अधिक काळे झाले ते लिहा. अतिसूक्ष्म कण यात सापडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

(३) ओलीचे मूळ. ओल्या भिंतीचा हातभर भाग कोरड्या फडक्याने पुसून त्यावर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले, तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला आले, तर ते खोलीतील हवेतून येत आहे.

(४) खोलीचा हिशोब. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजून घनफळ काढा. वर्गात किती विद्यार्थी बसतात ते पाहून प्रत्येकाच्या वाट्यास किती घनमीटर हवा येते ते ठरवा. जागा असतानाही प्रत्येकजण ताशी १३ लिटरच कार्बन डाय-ऑक्साइड टाकतो असे धरले, तरी बंद वर्गात त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यावर जाण्यास किती मिनिटे लागतील, हे गणित सोडवा. उत्तर पाहिल्यावर वर्गाच्या खिडक्या उघडण्यास कोणी सांगावे लागणार नाही.

१०. समारोप

वरील विवेचनातून एक क्रम हाती लागतो. प्रथम धुराचे कारण कमी करावे. जे कमी करता येत नाही, त्याला उत्पन्न होते तेथूनच बाहेर जाण्यास वाट द्यावी. मग संपूर्ण घरातील हवा खेळती ठेवावी. आणि गाळण्याची यंत्रे सर्वांत शेवटी आणावीत. या क्रमातील पहिल्या तीन पायऱ्यांना पैशापेक्षा समज आणि नियमितपणा यांची गरज अधिक आहे. बुजविलेला झरोका उघडणे, पंख्याची पाती धुणे, शेगडी खिडकीजवळ हलविणे ही कामे घरातील कोणीही करू शकते.

१९०५ च्या कायद्याने घरातील चूल वगळली. त्या चुलीजवळ जी स्त्री बसत असे आणि तिच्या मांडीवर जे मूल असे, त्यांच्या श्वासाचा हिशोब कोणी ठेवला नाही. तो हिशोब आता प्रत्येक घराने स्वतः ठेवावा. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीवर, ती जेथे उभी राहते तेथे, दहा मिनिटे उभे राहून पाहावे. घरातील हवा कशी आहे याची परीक्षा तेथेच होते.